भट्टीवाल्याची शिडी

लंडनच्या नैर्ऋत्येला, टेम्सच्या वळणालगत, रिचमंड पार्क पसरलंय. आकार सुमारे 955 हेक्टर. बाग म्हणावी, तर फुलांचे ताटवे मुख्यतः एका कोपऱ्यातल्या इझाबेला प्लँटेशनमध्ये. बाकी सगळा गवताळ माळ, कमरेएवढं नेचं, आतून पोकळ झालेले जुने ओक आणि सहाशेच्या वर हरणं. झाडांकडे नीट पाहिलं की एक गंमत दिसते. खालच्या फांद्या सगळीकडे एकाच उंचीवर कातरल्यासारख्या. ती माळ्याची करामत नव्हे, हरणांच्या तोंडाची. मान ताणून जिथवर पोचता येतं, तिथवर पानच शिल्लक नाही.

आत जायला तिकीट लागत नाही. ‘रॉयल’ हे बिरुद वाचून ही राजेसाहेबांची मेहेरबानी असावी असा पाहुण्यांचा समज होतो. राजघराण्याने भिंत बांधली, हे खरं. वाट मात्र एका बिअरच्या भट्टीवाल्याने कोर्टात भांडून मिळवली.

1625 मध्ये लंडनात प्लेग पसरला आणि पहिला चार्ल्स रिचमंडच्या राजवाड्यात राहायला आला. शिकारीचा नाद जुनाच. आसपासची जमीन त्याच्या डोळ्यांत भरली. पण ती एकट्या राजाची थोडीच होती? तीत गावांची गायरानं होती, खासगी शेतं होती. काहींनी विकली, काही अडून बसले. मालक राजी होण्याआधीच विटांची भिंत उभी राहू लागली आणि 1637 पर्यंत जवळजवळ तेरा किलोमीटरचं कुंपण पुरं झालं. लोक इतके खवळले की राजाला दोन गोष्टी सोडाव्या लागल्या: पायी जाण्याची वाट आणि जळणासाठी काटक्या गोळा करण्याची मुभा. भिंत ओलांडायला शिड्या बसवल्या गेल्या. 1649 मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला, पार्लमेंटने पार्क लंडन शहराच्या हवाली केलं आणि 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर येताच शहराने ते निमूटपणे परत केलं. या सगळ्या उलथापालथीत वहिवाट चालूच राहिली.

मोडली ती शंभरेक वर्षांनी. 1751 मध्ये दुसऱ्या जॉर्जची मुलगी राजकन्या अमेलिया पार्कची रेंजर झाली. हे पद मानाचं, पण अधिकार खरे. तिने दरवाजे बंद केले. तिच्या मर्जीतल्यांना तिकिटं, बाकीच्यांनी वळसा घालून जावं. गावातल्या काही प्रतिष्ठितांनी गाड्यांच्या रस्त्याचा हक्क सांगत दावा लावला आणि 1754 मध्ये ते हरले. राजाच्या मुलीविरुद्ध आता कोण जाणार, असाच सूर असणार.

गेला तो जॉन लुईस. रिचमंडमध्ये त्याची बिअरची भट्टी होती. त्याने आधीच्यांची चूक बरोबर हेरली: गाडीचा हक्क सिद्ध करणं अवघड, पायवाटेचा सोपा. साक्षीला एक मित्र घेऊन तो ईस्ट शीनच्या दरवाजाशी गेला. तिकीटवाल्यांची गाडी आली, दार उघडलं, तसा हाही आत शिरू लागला. दारावरच्या मार्था ग्रे या बाईने तिकीट मागितलं. नाही म्हटल्यावर तिने दार लावून घेतलं. लुईसला हेच हवं होतं. बखेडा झाला नसता तर खटला कशाचा भरणार? म्हणूनच राजकन्येच्या वाटेचा हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत एका दारवाल्या बाईच्या नावाने नोंदला गेलाय.

एप्रिल 1758 मध्ये किंग्स्टनला न्यायमूर्ती मायकेल फॉस्टर यांच्यापुढे सुनावणी झाली आणि लुईस जिंकला. दरवाजा हवा की भिंतीवरून शिडी, असं त्याला विचारलं गेलं. भल्याभल्यांनी दरवाजा मागितला असता. लुईसने शिडी मागितली. हरणं बाहेर पळू नयेत म्हणून दरवाजा बंद ठेवावा लागणार आणि बंद दरवाजाला कधी ना कधी कुलूप लागणार, हा त्याचा हिशेब. शेतरस्त्याच्या तंट्यात मुरलेला आपल्याकडचा एखादा शेतकरी नेमकं हेच बोलला असता.

दरबारी माणसांनी शिडी बांधली खरी, पण पायऱ्यांत अंतर एवढं ठेवलं की मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढताच येईना. लुईस पुन्हा न्यायमूर्तींकडे. त्यांनीही ते पाहिलं होतं. म्हाताऱ्या बायकांनाही चढता येईल अशी शिडी करून घ्या, असं त्यांनी सांगितल्याची हकिकत आहे.

अमेलियाने 1761 मध्ये रेंजरपद सोडलं. लुईसच्या चित्राच्या छापील प्रती निघाल्या, नाव झालं, पैसा मात्र टिकला नाही. टेम्सच्या पुराने भट्टीचं नुकसान केलं आणि उतारवयात त्याला लोकांनी वर्गणीतून जमवलेल्या छोट्याशा वर्षासनावर दिवस काढावे लागले.

निकालाचा फुगा फार फुगवू नये. लुईसने मिळवली ती फक्त पायवाट. माळावर मनमुराद हिंडण्याची मोकळीक पुढे हळूहळू, प्रघात पडत पडत आली. चाकांचा वाद तर अजून मिटलेला नाही. विसाव्या शतकात मोटारींनी पार्कातले रस्ते जवळच्या वाटेसारखे वापरले. 2020 मध्ये त्यातल्या काही रस्त्यांवरची आरपार वाहतूक रोखली, तेव्हा पुन्हा दोन तट पडले. गाडीवाल्यांना वळसा नको होता. पायी चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी निर्बंध उचलून धरले.