स्वाहिलीतील ‘चा-ची-चे’: मालकी आणि वर्णन कसे सांगतात?

स्वाहिली ही टांझानिया, केनिया आणि पूर्व आफ्रिकेच्या इतर भागांत बोलली जाणारी भाषा आहे. ‘मुलाचे पुस्तक’ किंवा ‘चांगली मुले’ असे साधे शब्दप्रयोग करताना ही भाषा शिकणारे हमखास अडखळतात. मराठी भाषकांना मात्र यातली मुख्य कल्पना ओळखीची आहे.

आधी नामांचे गट
स्वाहिलीत स्त्रीलिंग-पुल्लिंग नसते. त्याऐवजी नामांचे गट असतात. गट बहुधा सुरुवातीच्या अक्षरावरून कळतो आणि अनेकवचनात ते अक्षर बदलते:
म्तोतो (मूल) – वातोतो (मुले)
किताबु (पुस्तक) – विताबु (पुस्तके)
‘किताबु’ हा शब्द मूळ अरबी ‘किताब’वरून आला. त्यातला ‘कि’ स्वाहिलीने गटाचे अक्षर मानला आणि ‘विताबु’ हे अनेकवचन तयार झाले.

मालकी
आधी वस्तू, मग मालक. मधल्या ‘-आ’ला वस्तूच्या गटाची खूण लागते:
- किताबु चा म्तोतो – मुलाचे पुस्तक
- विताबु व्या म्तोतो – मुलाची पुस्तके
- न्युम्बा या म्वालिमु – शिक्षकाचे घर
- जिना ला म्तोतो – मुलाचे नाव

मूल एकच असले तरी पुस्तके वाढली की ‘चा’चा ‘व्या’ होतो. मराठीतही ‘चे’चे ‘ची’ होते ते पुस्तकांमुळे, मुलामुळे नव्हे. हेच सूत्र ‘माझे’लाही लागू पडते: किताबु चांगु, विताबु व्यांगु, न्युम्बा यांगु.

वर्णन
विशेषण नामानंतर येते आणि गटाप्रमाणे बदलते:
- किताबु किझुरी – चांगले पुस्तक
- विताबु विझुरी – चांगली पुस्तके
- वातोतो वाझुरी – चांगली मुले

अरबीतून आलेली बरीच विशेषणे मात्र बदलत नाहीत. ‘साफी’ (स्वच्छ) आणि ‘घाली’ (महाग) सगळीकडे तसेच राहतात. मराठीत ‘चांगला-चांगली-चांगले’ होते, पण ‘लाल’ लालच राहतो, तसेच हे.

काही वर्णने ‘-आ’नेच होतात. ‘मोतो’ म्हणजे आग. ‘माजी या मोतो’ म्हणजे शब्दशः आगीचे पाणी, अर्थात गरम पाणी.

इथे जपून
माणसांसाठीच्या काही शब्दांत दोन्ही नियम वेगळे चालतात. ‘माझा मित्र’ म्हणजे ‘राफिकी यांगु’, पण ‘चांगला मित्र’ म्हणजे ‘राफिकी म्झुरी’.

सुरुवातीला उपयोगी पडेल असे एक वाक्य: ‘किस्वाहिली चांगु सि किझुरी’, म्हणजे ‘माझी स्वाहिली चांगली नाही’. यात मालकी आणि वर्णन या दोन्हींचा नियम बरोबर पाळलेला आहे.