'एका' महासंगणक आणि ओळींची अदलाबदल

नोव्हेंबर २००७. जगातील पाचशे वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथे स्थान पुण्यातील 'एका' या यंत्राने पटकावले. टाटा समूहाच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजची ही उभारणी. पहिल्या दहांत भारतीय यंत्र येण्याची ही पहिलीच वेळ. स्थान लक्षात राहते. परीक्षा कोणती होती, हे क्वचितच विचारले जाते.

परीक्षेचे नाव लिनपॅक. प्रश्न शाळेतलाच : एकसामयिक समीकरणे सोडवा. अज्ञाते मात्र लाखोंच्या घरात. रीतही जुनीच, एका समीकरणाच्या आधारे उरलेल्यांतून एकेक अज्ञात काढून टाकायचे. तिला गाउसचे नाव चिकटले, तरी चीनच्या 'नऊ अध्याय' या ग्रंथात ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच आढळते.

खोच भागाकारात आहे. ज्या सहगुणकाने भागायचे, तो 'पिव्हट'. ०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २ ही जोडी घ्या. तीनच सार्थ अंक ठेवून पहिल्या समीकरणापासून आरंभ केला, तर य = १ आणि क्ष = ० येते. खरे उत्तर दोन्ही जवळजवळ १! समीकरणांचा क्रम उलटा करताच क्ष = १ मिळते. संगणकही ठरावीक अंकच ठेवतो. म्हणून ही किरकोळ बाब नव्हे.

१९४३ साली हॉटेलिंग यांनी इशारा दिला होता की, प्रत्येक वाढत्या अज्ञातागणिक चूक चौपट होऊ शकेल. युद्धानंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत विल्किन्सन, फॉक्स, गुडविन आणि ट्युरिंग यांनी हातयंत्रांवर १८ समीकरणे सोडवली. उत्तर आश्चर्यकारकरीत्या अचूक निघाले. १९६१ मध्ये विल्किन्सन यांनी त्याची मीमांसा मांडली. स्तंभातील सर्वांत मोठा सहगुणक शोधून ती ओळ वर आणणे, हे 'आंशिक पिव्हटन'. सैद्धांतिक धोका उरतोच, पण व्यवहारात तो जवळपास कधीच भेटत नाही. (गणितात अशी तडजोड विरळाच.) संपूर्ण सारणी धुंडाळणारे 'पूर्ण पिव्हटन' अधिक सुरक्षित, परंतु फार खर्चिक.

लिनपॅकने आंशिक मार्गच स्वीकारला. तोही फुकटचा नाही. 'एका'त १४,२४० गणनगाभे होते आणि सारणी त्यांच्यात विभागलेली. प्रत्येक स्तंभासाठी सर्वांत मोठी संख्या कोणाकडे आहे, हे परस्परांना विचारायचे, मग ओळी जाळ्यावरून हलवायच्या. तोवर कित्येक गाभे वाट पाहत राहतात. कागदावरची क्षमता सुमारे १७१ टेराफ्लॉप्स, प्रत्यक्ष नोंद ११७.९. या तफावतीत इतरही कारणे आहेत, पण हा संवाद त्यांतलाच एक.

जून २००८ मध्ये 'एका'चा वेग १३२.८ वर गेला आणि स्थान आठवे झाले.