खानदेशातील राहदारी, दस्तक आणि कार्ने

बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा महामार्ग रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा तापीच्या उत्तरेने जातो. फैजपूर हे गाव १९३६ च्या डिसेंबरातील राष्ट्रसभेच्या अधिवेशनामुळे देशभर ज्ञात झाले; परंतु ज्या वाटेवर ते वसले आहे ती वाट त्याहून फार जुनी आहे. मोगल अमदानीत सुरत बंदर आणि आग्रा यांना जोडणारा एक मुख्य मार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडा यांवरून बऱ्हाणपुरास पोहोचत असे. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या भीषण दुष्काळात याच मार्गाने गेला. आज या रस्त्यावर केळीने भरलेल्या मालमोटारींची जी ये-जा चालते तिला मराठीत ‘रहदारी’ म्हणतात. ही रहदारी मूळची राहदारी होय, आणि राहदारी म्हणजे वाहनांची ये-जा नव्हे. ती ये-जा करू देण्याबद्दल घेतलेला कर आणि त्या कराची पावती किंवा परवाना, असा तिचा अर्थ होता.

फारसी ‘राह’ म्हणजे वाट व ‘दार’ म्हणजे बाळगणारा, राखणारा. राहदार हा वाटेचा राखणदार. वाटसरूस चोर-दरोडेखोरांपासून सुरक्षित पुढे पोहोचविणे हे त्याचे काम, आणि त्याचा मोबदला म्हणून राहदारी. कराचे समर्थन असे संरक्षणाच्या कल्पनेत होते. प्रत्यक्षात संरक्षण मागे पडले आणि वसुली तेवढी उरली. औरंगजेबाने राज्यारोहणानंतर लवकरच, १६५९ च्या सुमारास, राहदारी माफ केली. पण फौजदार आणि जहागीरदार यांनी ती घेणे सोडले नाही, असे खाफीखानाने स्पष्ट लिहून ठेवले आहे. हुकूम दिल्लीचा आणि चौकी वाटेवरची, असा हा प्रकार होता. ज्याचा माल उन्हात अडकून पडला आहे त्याला दिल्लीच्या हुकुमाचा उपयोग फारच थोडा.

या वसुलीतून सुटण्याचे जे साधन, ते दस्तक. ‘दस्त’ म्हणजे हात. त्यास ‘क’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘दस्तक’ म्हणजे लहानसा हात. दारावर मारलेली थाप, बोलावणे आणि हातचा परवाना असे अर्थ त्यास चिकटले. पेशवाईतील दस्तकांत माणसे, बैल, घोडी, मालाची ओझी यांची मोजदाद असे व वाटेवरील चौकीदारांनी जकातीचा उपसर्ग न देता जाऊ द्यावे, अशी आज्ञा असे. म्हणजे वाहनाचे वर्णन, धन्याची ओळख आणि सरकारचा शब्द, अशी तीन अंगे त्यात एकत्र येत. शिवकालातील राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा प्रयत्न केला. तरीही चौकी-नाक्यांवर दस्तक, जकात आणि परवाना हेच शब्द टिकले. नाक्यावरचा माणूस कोश पाहून शब्द वापरीत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

दस्तकाचे सामर्थ्य केवढे होते हे बंगालच्या इतिहासावरून कळते. १७१७ च्या फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीस वार्षिक तीन हजार रुपयांच्या बदल्यात करमुक्त व्यापाराची सवलत मिळाली. कंपनीच्या नोकरांनी तिचे दस्तक आपल्या खासगी व्यापारासही लावले. देशी व्यापाऱ्याने कर भरावा आणि साहेबाच्या मालाने दस्तक दाखवून पुढे जावे, ही विषमता असह्य होऊन मीर कासीमने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात उठविली. त्यावरून जे युद्ध पेटले त्याचा शेवट १७६४ मध्ये बक्सारला झाला.

खानदेशात सत्ता एकसंध नव्हती. पेशवे, शिंदे, होळकर आणि त्यांचे सरदार यांचे परगणे एकमेकांत गुंतलेले होते. १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला. परंतु फैजपुराशेजारचे यावल शिंद्यांकडून इंग्रजांकडे, तेथून परत शिंद्यांकडे, असे फिरून अखेर १८४० नंतरच्या दशकात कायमचे इंग्रजी अमलात आले. एका दिवसाच्या गाडीवाटेत राज्य बदलावे, अशी ही स्थिती होती. मुंबई इलाख्यातील अंतर्गत मार्गावरील जकात १८३८ च्या कायद्याने बंद झाली.

अर्थांतराच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची मानावी लागते. कर गेला, चौकी गेली, आणि शब्द मोकळा झाला. ‘या वाटेवर राहदारी आहे’ या वाक्यात पूर्वी कर सूचित होई. कर नाहीसा झाल्यावर त्याच वाक्यात उरली ती माणसांची आणि गाड्यांची वर्दळ. मराठीत अर्थ बदलला तो या वाटेने, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. त्यास शेजारच्या भाषांचा आधार मिळतो. नेपाळीत ‘राहदानी’ म्हणजे आजही पारपत्र. तेथे शब्द कागदाला चिकटून राहिला. इराणात ‘राहदारी’ हे रस्त्यांच्या देखभालीचे नाव झाले. तेथे राखणदाराचा मूळ अर्थ जागा आहे. उर्दूत तो जाण्यायेण्याचा मार्ग झाला, म्हणून २०१९ मध्ये उघडलेली करतारपूरची वाट ही ‘करतारपूर राहदारी’. एकाच शब्दाची ही चार रूपे. सत्तेने वाटेवर काय ठेवले आणि काय उचलून नेले, याची खूण त्या प्रत्येकात आहे.

अर्थात इंग्रजी मुलखातली चौकी उठली म्हणून ती सर्वत्र उठली असे नव्हे. जळगावाहून अजिंठ्याची लेणी पाहण्यास जाणारा प्रवासी पहूर सोडून पुढे गेला की फर्दापुरास निजामाच्या हद्दीत शिरे. त्या हद्दीवरील जकातीचे खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. अकबराने १५७५ च्या सुमारास एक कोट दाम वसुलीच्या प्रदेशावर जे अधिकारी नेमले ते करोडी. त्यांच्या नावाचा हा अवशेष. कंपनी आणि निजाम यांच्या १८०२ च्या व्यापारी तहाने या जकातीचा दर शेकडा पाच ठरला होता. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले आणि पुढील काही वर्षांत ही अंतर्गत जकात टप्प्याटप्प्याने बंद झाली. मराठवाड्याच्या जुन्या पिढीच्या बोलण्यात मात्र करोडगिरीनाका पुढेही राहिला.

मोटारीने हा जुना प्रश्न नव्या रूपाने उभा केला. गाडी ही स्वतःच मौल्यवान वस्तू. ती परक्या देशात नेली की आयात ठरते आणि तिच्यावर जकात लागू होते. प्रवासी तर ती विकण्यासाठी नेत नाही. १९०९ च्या पॅरिस कराराने मोटारीच्या आंतरराष्ट्रीय दाखल्याची आणि देशदर्शक अक्षरांची सोय केली; स्वातंत्र्यापूर्वी हिंदुस्थानच्या गाड्यांवर ‘बीआय’ ही अक्षरे असत. जकातीची अडचण सुटली ती ‘कार्ने द पासाज’ या पुस्तिकेने, आणि १९५४ च्या न्यूयॉर्क कराराने तिला व्यापक मान्यता दिली. भारतही त्या करारात सामील झाला. फ्रेंच ‘कार्ने’ म्हणजे छोटी वही. तो शब्द चार पानांच्या घडीच्या लॅटिन नावावरून आला. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: एक गाडी आत येताना जकात कचेरी कापून घेते, दुसरा बाहेर जाताना, आणि तिसरा स्थळप्रत म्हणून दोन्ही शिक्क्यांसह मालकापाशी राहतो. ठरलेल्या मुदतीत गाडी परत गेली नाही, तर जकातीची जबाबदारी जामीन राहिलेल्या मोटारसंघावर येते. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही अशा संघांपैकी एक.

दस्तक आणि कार्ने यांतील भेद येथे आहे. दस्तकामागे राजाची मर्जी होती, आणि ती मर्जी विकलीही जाई. कार्नेमागे जामीन आहे. जकात माफ होत नाही, ती स्थगित राहते.

२०२२ मध्ये भारत सरकारने परदेशांत नोंदलेल्या खासगी गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. गाडीचे नोंदणीपत्र, चालकाचा परवाना, विमा आणि प्रदूषण नियंत्रणाचा दाखला जवळ असावा, आणि अशा गाडीतून स्थानिक उतारू किंवा माल नेऊ नये, असे त्यात आहे. भाषेविषयीही एक कलम आहे: कागद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असल्यास तो देणाऱ्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले इंग्रजी भाषांतर बरोबर हवे. मोगलांच्या चौकीवर फारसी आणि पेशव्यांच्या चौकीवर मोडी जे काम करीत होती, ते आता इंग्रजीकडे आले आहे. ‘कार्ने’ला मात्र मराठीत अद्याप रूढ प्रतिशब्द नाही. ‘राहदारी’ हा त्यास नेमका बसणारा शब्द होता. पण फैजपूरच्या रस्त्यावर तो दुसऱ्याच कामाला लागला आहे.