बेरीज आणि वाटणी

विजेच्या इतिहासात मोठमोठ्या यंत्रांची नावे लोकांच्या तोंडी असतात. परंतु त्या यंत्रांच्या आत भार कसा वाटला जातो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आम्ही कामगारांत वावरलेली माणसे. भाराची वाटणी हा आमचा जन्माचा विषय. म्हणून तोच भाग येथे मांडतो.

डी. सी. विजेची ए. सी. वीज करावयाची तर अर्धवाहकांच्या चाव्या अतिशय वेगाने उघडमीट कराव्या लागतात. दाब मोठा असला की एकटी चावी टिकत नाही. जपानमधील नाबाए, ताकाहाशी व आकागी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या रचनेत तो दाब एकापुढे एक जोडलेल्या दोन कपॅसिटरांवर निम्मा निम्मा वाटलेला होता. एकूण १२०० व्होल्ट असतील, तर प्रत्येकावर ६०० हवेत. परंतु मधल्या सांध्यातून प्रवाह ये-जा करतो, आणि पाहता पाहता एकावर ७०० व दुसऱ्यावर ५०० होतात. बेरीज तीच, एकूण दाब मोजणाऱ्यास काहीच कळत नाही. जादा ताणाखालची चावी मात्र जळते. यावर उपायही त्याच रचनेत होता. बाहेर एकच दाब देणाऱ्या चाव्यांच्या काही जोडजुळण्या असतात. त्यांतील एक सांध्याचा दाब चढविते, दुसरी उतरविते. वेळ पाहून जुळणी निवडावयाची.

पुढे २००३ साली म्युनिकच्या लेस्निकार व मार्क्वार्ट यांनी कपॅसिटरांच्या अनेक लहान पेट्यांची साखळी मांडली. येथे प्रत्येक पेटीचा दाब वेगळा मोजतात. प्रवाह भरणारा असेल तर कमी दाबाच्या पेट्या कामास लावतात. उपसणारा असेल तर जास्त दाबाच्या. मात्र अतिकाटेकोरपणाही परवडत नाही. उघडमीट वाढली की वीज उष्णतेत वाया जाते. म्हणून थोडी तफावत सोसतात, मर्यादा ओलांडू देत नाहीत.

२०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराखालून ४०० मेगावॅट वीज या पद्धतीने वाहू लागली. २०२१ साली तमिळनाडूतील पुगळूर ते केरळातील त्रिशूर या २००० मेगावॅटच्या मार्गाने ती आपल्या देशात आली.

खात्याची सरासरी चोख असते, आणि तिच्याआड एखादा कामगार दोघांचे ओझे ओढीत असतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. बेरीज बरोबर असली की वाटणी बरोबर असतेच असे नाही. ज्याचे त्याचे माप घ्यावे लागते, आणि तेही रोजच्या रोज.