मॉन्टेसरी शाळेतील संगीत

मॉन्टेसरी शाळेतील संगीत : इटालियन डॉक्टर व शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी (१८७०–१९५२) यांच्या पद्धतीतील स्वर, लय आणि श्रवण यांचे शिक्षण. त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत सुरू झाले. या पद्धतीत संगीत हे इंद्रियशिक्षणाचा भाग आहे : आधी कान तयार करायचा, मग गाणे-वाजवणे.

साधने : सुरुवात आवाजाच्या नळकांड्यांपासून होते. लाल व निळ्या झाकणांच्या दोन पेट्यांत प्रत्येकी सहा नळकांडी असतात. मूल ती कानाजवळ हलवून सारख्या आवाजाच्या जोड्या लावते. मॉन्टेसरींच्या सहकारी आन्ना मारिया माक्केरोनी यांनी संगीताची साधने विकसित केली. त्यांतील स्वरघंटांचे दोन संच असतात. प्रत्येकात एका सप्तकाच्या, वरच्या षड्जासह, १३ घंटा. एका संचाच्या बैठकी पांढऱ्या-काळ्या, दुसऱ्याच्या लाकडी रंगाच्या. आकाराने सर्व घंटा सारख्याच. त्यामुळे डोळ्यांची मदत मिळत नाही. मूल लहानशा हातोडीने एक घंटा वाजवते, नाद कानात धरून दुसऱ्या संचातील तिची जोडी शोधते. जुळले की नाही, हे त्याचे त्यालाच कळते. पुढे चढत्या क्रमाने घंटा मांडणे, स्वरांची नावे व स्वरलेखन येते.

लय व शांतता : जमिनीवर आखलेल्या लंबवर्तुळाकार रेषेवर मुले तोल सांभाळत चालतात, सुरावट बदलली की चाल बदलतात. शांततेच्या खेळात सर्वजण निश्चल बसतात आणि ताई शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजतात. ज्याचे नाव ऐकू येईल, त्याने पाय न वाजवता त्यांच्याकडे जायचे.

भारतातील रूप : गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले व गाणी, गोष्टी, नाटक यांना मोठे स्थान दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे ही पद्धत खेड्यापाड्यांत नेली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले. बडबडगीते, अभिनयगीते व परिसरातील नृत्य-गाणी बालवाडीच्या दिनक्रमात रुळली. स्वतः मॉन्टेसरी १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यार येथे आल्या व त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले.

मूल्यमापन : स्नेहसंमेलनासाठी महिनाभर घोटून बसवलेले समूहगीत म्हणजे संगीतशिक्षण नव्हे. त्यात सुरेल मुले पुढे येतात आणि उरलेली ओठ हलवतात. मॉन्टेसरी पद्धतीत प्रत्येक मूल आपल्या गतीने, हवे तितक्या वेळा तोच स्वर वाजवून पाहू शकते. स्वरघंटांचा संच न परवडणाऱ्या बालवाडीलाही हे तत्त्व पाळता येते : सारख्या डब्यांत तांदूळ, वाटाणे, खडे भरावेत, रोज गावे आणि मुलांना निवांत ऐकू द्यावे.