मिटणाऱ्या पात्याचा आवाज

पोलादी निब येण्यापूर्वी प्रत्येक लेखनिकाजवळ एक लहान चाकू असे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात समर्थांनी लेखनक्रियेचे बारकावे सांगितले आहेत. त्यांत देशोदेशीचे बोरू जमवण्याबरोबर टाकतोडणीचाही उल्लेख येतो. युरोपातला लेखनिक बोरूऐवजी पिसाची लेखणी वापरी आणि तीही पुन:पुन्हा तासावी लागे. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ हा शब्द या कामातूनच आला. पीस गेले, निबही मागे पडले. चाकूला लेखणीचे नाव मात्र चिकटून राहिले. खिशात मिटून राहणारी ही वस्तू घडवण्यात शेफील्ड या इंग्रजी शहराने काही शतके घालवली. तिची कारागिरी नेमकी कशात आहे, आणि तिचे कौतुक करताना आपण नेमके कशाचे कौतुक करतो, हे पाहण्यासाठी शेफील्डचा इतिहास उपयोगी पडतो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचा चाकू खोचलेला दाखवला आहे. म्हणजे वाचकांना गावाचे नाव सांगताच चाकूची प्रत कळावी, इतकी ख्याती तेव्हाच झाली होती. याची कारणे भूगोलात आहेत. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हेलिन या पाच नद्या डोंगरउतारावरून वेगाने खाली येतात. त्यांच्या पाण्यावर चक्रे फिरवणे सोपे होते. धार लावायला लागणारा वाळूचा दगड जवळच्या खाणींत मिळे. 1624 साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथील कारागिरांची ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ ही संघटना स्थापन झाली. उमेदवारीचे नियम आणि प्रत्येक कारागिराची स्वतंत्र मुद्रा यांची व्यवस्था तिच्याकडे होती. पात्यावर ठोकलेली मुद्रा ही त्या माणसाची अब्रू असे.

पुढचे मोठे पाऊल एका घड्याळजीने टाकले. बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या कमानीसाठी हवे तसे एकजिनसी पोलाद मिळत नव्हते. 1740 च्या दशकात त्याने बंद मुशीत पोलाद पूर्णपणे वितळवून त्यातील मळी वेगळी करण्याची रीत बसवली. परंपरा असे सांगते, की शेफील्डच्या कारागिरांनी हे पोलाद फार कठीण म्हणून आधी नाकारले आणि फ्रेंचांनी ते विकत घेऊन सरस चाकू केले, तेव्हा कुठे गावाचे डोळे उघडले. घडीच्या चाकूच्या दृष्टीने या गोष्टीतला योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. जे पोलाद कमानीच्या शोधातून जन्मले, ते अखेर अशा वस्तूच्या कामी आले जिचा प्राण पात्याइतकाच कमानीत असतो.

हे विधान थोडे उलगडून सांगायला हवे. जेवणाच्या टेबलावरची सुरी म्हणजे एक पाते आणि एक मूठ. घडीचा चाकू हे एक यंत्र आहे. दोन पितळी पट्ट्या, त्यांच्यामध्ये पाठीशी बसवलेली पोलादी कमान, एका खिळ्याभोवती फिरणारे पाते आणि बाहेरून शिंगाच्या, हाडाच्या किंवा शिंपल्याच्या दोन फळ्या, एवढाच त्याचा संसार. परंतु पाते आणि कमान यांना वेगवेगळे पाणी द्यावे लागते. तापवून विझवलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. ते पुन्हा हळूहळू तापवताना त्याच्या पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. पाते साधारण पिवळ्या छटेशी थांबवायचे, म्हणजे धार टिकते; कमान निळ्यापर्यंत न्यायची, म्हणजे ती वाकूनही मोडत नाही. उष्णतामापक नसताना ही पारख केवळ डोळ्यांनी होत असे.

खरी परीक्षा मात्र जुळणीत होते. पाते मिटलेले असो, अर्धे उघडे असो वा पूर्ण उघडे, पाठीवरून बोट फिरवले तर कमान आणि पट्ट्या यांत उंचसखल जाणवता कामा नये. त्यासाठी पात्याच्या मुळाशी असलेला चौकोनी भाग कानशीने केसभर कमी करत, पुन:पुन्हा जुळवून, पुन:पुन्हा सोडवून पाहावा लागतो. एक फटका जास्त पडला तर पाते वाया जाते. खिळ्याचे डोके ठोकून धातूत असे मिसळायचे की पुढे तो खिळा कुठे आहे हेही कळू नये. आणि सगळे साधले, तर पाते मिटताना एक स्वच्छ, टणक आवाज येतो. जाणकार मंडळी चाकू हाती घेताच प्रथम हा आवाज ऐकतात, आणि कारागीर त्याला पात्याचे ‘बोलणे’ म्हणतात. कारागिरीचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. तो बोटांना जाणवतो आणि कानांना ऐकू येतो.

दिखाऊ कारागिरीही शेफील्डने भरपूर केली. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीने 1822 मध्ये इसवी सनाच्या प्रत्येक वर्षासाठी एक, असा 1822 पात्यांचा चाकू केला. लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनासाठी त्याच पेढीने घडवलेला ‘नॉर्फोक चाकू’ 75 पात्यांचा आणि अवजारांचा आहे. त्याची मूठ शिंपल्याची असून पात्यांवर चित्रे कोरलेली आहेत. पाहणारा थक्क होतो खरा. पण असा चाकू कोणाच्या खिशात मावत नाही आणि त्याने कोणी पेरू कापणार नाही. मला स्वत:ला शेतकऱ्याच्या खिशात तीस वर्षे झिजलेला एकपाती चाकू जास्त बोलका वाटतो.

या वैभवाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पात्याला आकार आणि धार देणारा शिकलगार दगडाच्या चाकावर ओणवा होऊन बसे. दगडाची आणि पोलादाची धूळ त्याच्या छातीत जाई. एंगल्सने 1845 च्या आपल्या ग्रंथात शेफील्डच्या एका डॉक्टराचा हवाला देऊन नोंदवले आहे, की कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे असते आणि ओल्या दगडावरच्यांचे क्वचितच पंचेचाळिशीपलीकडे जाते. याहून अस्वस्थ करणारी नोंद पुढची आहे. धूळ ओढून नेणारी यंत्रे निघाली, तेव्हा काही कामगारांनीच त्यांना विरोध केला. काम निर्धोक झाले, तर या धंद्यात माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती. आयुष्य विकून मजुरी राखायची, असा हा हिशेब होता. तो त्यांना करावा लागला यात त्यांच्या अडाणीपणापेक्षा त्या बाजारपेठेची क्रूरता अधिक दिसते. काचेच्या कपाटातल्या झगझगीत पात्यावर या माणसांचे नाव नाही. मुद्रा पेढीची आहे.

शेफील्डच्या उद्योगाचा कणा मोठ्या गिरण्यांइतकाच ‘लिटल मेस्टर’ म्हणवणारे छोटे कारागीर होते. एखाददुसरी खोली भाड्याने घ्यायची आणि एकट्याने किंवा दोन-चार हाताखालच्यांसह काम करायचे, ही त्यांची रीत. ‘मेस्टर’ हे ‘मास्टर’चे तिथल्या बोलीतले रूप. त्याचे मूळ लॅटिन ‘माजिस्तेर’, आणि पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्र’वरून आपल्याकडे आलेल्या ‘मिस्त्री’चे मूळही तेच. शेफील्डचा मेस्टर आणि आपला मिस्त्री असे शब्दाने चुलतभाऊ ठरतात. पण येथे एक गैरसमज दूर करायला हवा. एकाच माणसाने आरंभापासून अखेरपर्यंत घडवलेली वस्तू म्हणजे जुनी परंपरा, असे आपण समजतो. शेफील्डमध्ये पाते ठोकणारा, ते घासणारा आणि चाकू जुळवणारा हे बहुधा वेगवेगळे असत. तयार होत असलेला चाकू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत प्रवास करी.

भारताशी या चाकूचा संबंध मुठीतून येतो. शेफील्डच्या उत्तम चाकूंच्या फळ्या सांबराच्या शिंगाच्या असत आणि ती शिंगे भारतातून जात. सांबर दरवर्षी शिंगे टाकते. हे टाकलेले शिंग आतून भरीव असते आणि त्याची खरबरीत पाठ हातातून निसटत नाही. आपल्याकडे सांबरशिंग सहाणेवर उगाळून मुका मार लागलेल्या जागी लावत. तिकडे त्याच शिंगाची मूठ होई. पुढे भारताने शिंगांची निर्यात थांबवली. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1989 च्या निर्णयाने बंद झाला. दोन्ही निर्णय योग्यच होते. कारागिरीला कधीकधी आपला आवडता माल सोडून नवा शोधावा लागतो, आणि त्यात तिची शोभा कमी होत नाही.

यंत्रावर ठोकून काढलेल्या स्वस्त चाकूंपुढे विसाव्या शतकात मेस्टरांच्या खोल्या एकेक करून बंद झाल्या. त्या काळाचा शेवटचा मोठा साक्षीदार स्टॅन शॉ. 1941 साली, चौदाव्या वर्षी, तो या कामाला लागला आणि पुढे सात दशकांहून अधिक काळ घडीचे चाकू करत राहिला. 2017 मध्ये त्याला ‘ब्रिटिश एम्पायर मेडल’ मिळाले. 2021 मध्ये तो वारला. दरम्यान अमेरिकेत या कलेला नवी पालवी फुटली. तेथे 1970 मध्ये चाकू घडवणाऱ्यांचा ‘नाइफमेकर्स गिल्ड’ स्थापन झाला. 1980 च्या सुमारास मायकेल वॉकरने आतील पट्टीच पात्यामागे सरकून त्याला अडकवते अशी रचना परिपूर्ण केली. पट्टीच कमानीचे काम करू लागली. आजचा स्वतंत्र कारागीर धूळ ओढणारे यंत्र लावून, तोंडावर मुखवटा चढवून, पात्यापासून खिळ्यापर्यंत सारे स्वत: करतो आणि पात्यावर स्वत:चे नाव कोरतो.

म्हणजे ‘एकहाती’ चाकू ही जुन्या वैभवाची छाया नसून बऱ्याच अंशी आपल्या काळाची निर्मिती आहे. शेफील्डच्या शिकलगाराला नाव आणि श्वास दोन्ही गमवावे लागले. आजच्या कारागिराला दोन्ही राखता येतात. हा फरक मला सौंदर्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा वाटतो. जुना चाकू हाती आला, तर तो जरूर उघडावा, पाठीवरून बोट फिरवावे आणि मिटताना पात्याचा आवाज ऐकावा. तो आवाज निर्दोष असेल. फक्त त्यात एखादा खोकलाही मिसळलेला आहे, याचे भान ऐकणाऱ्याने ठेवावे.