ग्वांचे लोकांचें मूळ

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर कॅनरी बेटें आहेत. इ. स. १४०२ मध्यें युरोपीयांनीं तीं जिंकावयास आरंभ केला आणि १४९६ मध्यें टेनेरिफचा पाडाव होऊन स्पेनची सत्ता पूर्णपणें स्थापन झाली. धातूचीं हत्यारें ठाऊक नसतांही जवळजवळ शंभर वर्षें झुंजणारे तेथील मूळ रहिवासी कोण होते? ‘ग्वांचे’ हें नांव वस्तुतः टेनेरिफच्या लोकांचें; पुढें तें सर्वांनाच लावण्यांत आलें.

उत्तराचा माग प्रथम शब्दांनीं दाखविला. १७६४ सालीं जॉर्ज ग्लास या स्कॉटिश दर्यावर्द्यानें बेटांचा इतिहास प्रसिद्ध केला व तेथील जुने शब्द आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बर्बर बोलीशीं ताडून पाहिले. पाण्यास बेटांत ‘आहेमोन’ म्हणत, बर्बर भाषेंत ‘अमान’ म्हणतात. डुकरास बेटांत ‘इल्फे’, तर बर्बर भाषेंत ‘इलेफ’. बर्बर हें परक्यांनीं दिलेलें नांव. ते स्वतःस अमाझिघ म्हणवितात. एल हिएर्रो बेटावरील खडकांवर कोरलेलीं अक्षरेंही त्यांच्याच प्राचीन लिपीचीं ठरलीं.

परंतु पुढें या शोधाला राजकारणाचा वास लागला. १८३० मध्यें फ्रान्सनें अल्जियर्स घेतलें. १८६८ मध्यें फ्रान्समधील क्रो-मान्यों येथें आदिमानवाच्या कवट्या सांपडल्या आणि ग्वांचे कवट्यांतही फ्रेंच पंडितांना तोच घाट दिसूं लागला. साबें बेर्तलो आणि रने व्हर्नो यांनीं बेटांत राहून अपार श्रम केले, पुष्कळ सामग्री जमविली; याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण या मांडणींतून निष्कर्ष कोणता निघाला? बर्बर हे युरोपीयांचेच प्राचीन आप्त. तेव्हां त्यांच्या भूमींत फ्रेंचांनीं येणें हें आक्रमण नव्हे, तो तर आप्तांचा मेळावा! बर्बरांना अरबांपासून वेगळे काढण्यासही हा युक्तिवाद सोयीचा होता.

२०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्राचीन अस्थींच्या जनुकीय परीक्षणानें ग्वांचे लोकांचें उत्तर आफ्रिकेशीं नातें पक्कें केलें. आजच्या बेटवासीयांतही त्यांचा अंश, विशेषतः मातृपरंपरेंत, टिकून आहे. ज्यांची भाषा लोपली, त्यांचा वंश लोपला नाहीं. पंडितांनीं ओळखलेलें आफ्रिकेचें नातें खरें होतें. त्या नात्याच्या आधारें परक्या भूमीवर सांगितलेला हक्क मात्र खोटा होता.